पडद्यावरचें अक्षर आणि कागदावरचें अक्षर

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत मोडी कागदांचीं दप्तरें जपून ठेविलेलीं आहेत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गांवोगांव हिंडून कागद जमवीत. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच त्यांचा अंत झाला आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवानें हें मंडळ उभें राहिलें. दोनशें वर्षांपूर्वीं बोरूनें लिहिलेला कागद आज पुढें ठेवला, तर मोडी जाणणारा मनुष्य तो वाचूं शकतो. डोळ्यांखेरीज दुसरें साधन त्याला लागत नाहीं. याच खानदेशांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर आज छापावयास घेतला, तर मात्र कागदावर पुष्कळदां रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा उतरतो. असें कां व्हावें, याचा इतिहास फार जुना नाहीं. पण तो पाहण्याजोगा आहे.

छपाईच्या अडचणी पूर्वींहि होत्या. मुंबईस जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेनें १९०५ सालीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं संपादिलेला दासबोध प्रसिद्ध केला. हें सारें शिशाच्या खिळ्यांचें युग. काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरें मिळून जुळाऱ्यापुढें शेंकडों घरें असत. खिळ्याबाहेर डोकावणारा नाजूक रफार दाबाखालीं तुटे. पण तुटला तें दिसे, आणि जुळारी चिमट्यानें तो खिळा काढून दुसरा बसवी. दोष आणि त्याचें कारण एकाच फर्म्यांत हातीं लागत.

१९८० नंतरच्या दशकांत कचेऱ्यांतून सुयांचे, म्हणजे ‘डॉट मॅट्रिक्स’, प्रिंटर आले, आणि दोष एकीकडे व कारण दुसरीकडे अशी ताटातूट झाली. या यंत्राच्या पोटांत रोमन अक्षरांचे सांचे आधींच भरलेले असत. संगणक अक्षर धाडीत नसे, त्याचा केवळ अंक धाडी. यंत्र तो अंक पाहून आपल्या सांच्यांतलें अक्षर उमटवी. देवनागरीचा सांचाच आंत नसेल, तर मराठी पत्राच्या जागीं भलतींच चिन्हें येत. यंत्र निर्दोष, दोरी जोडलेली, शाईची फीत नवी, आणि तरीहि पत्र वाचतां येत नाहीं! उपाय एकच होता. सबंध ओळ चित्र समजून ठिपक्याठिपक्यानें धाडणें. त्यानें छपाई मंद होई. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें आरंभ झालेलें व पुढें पुण्याच्या ‘सी-डॅक’मध्यें वाढलेलें ‘जिस्ट’ तंत्र या अडचणींतूनच पुढें आलें. १९९१ सालीं भारतीय लिपींसाठीं ‘इस्की’ ही अंकयोजना मानक म्हणून ठरली.

छापखान्यांनीं मात्र निराळी वाट धरली. नव्या पडद्यावर फॉन्ट पालटतांच अक्षराचें रूप पालटे. तेव्हां रोमन अक्षरांच्या घरांतच देवनागरीचे तुकडे बसविले गेले. कोठें काना, कोठें अर्धा त, कोठें रफार. श्रीलिपि, आकृति, कृतिदेव अशा फॉन्टांवर महाराष्ट्रांतील लग्नपत्रिकांपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्व कांहीं छापूं लागलें. हें काम सुबक होतें, यांत शंका नाहीं. पण संगणकाच्या लेखीं तेथें मराठी नव्हतीच. होतीं तीं रोमन अक्षरें, मराठीचा अंगरखा घातलेलीं. शिवाय प्रत्येकाची मांडणी वेगळी. १९९० सालीं जळगांवीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें. धुळ्यांत एका फॉन्टांत जुळविलेला प्रबंध फ्लॉपीवर घालून जळगांवीं नेला आणि तेथील यंत्रांत तो फॉन्ट नसला, कीं अंगरखा गळून पडे. दोष प्रिंटरच्या माथीं मारला जाई.

१९९१ सालींच युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तिनें देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा अंक दिला. विंडोज २००० बरोबर आलेल्या, प्रा. र. कृ. जोशी यांनीं घडविलेल्या ‘मंगल’ फॉन्टामुळें हें तंत्र सामान्य संगणकापर्यंत पोंचलें. तरीहि एक फट राहिली. युनिकोडांत ऱ्हस्व वेलांटीचा अंक व्यंजनाच्या मागून येतो, आणि ती व्यंजनाच्या आधीं मांडण्याचें काम प्रोग्रामाचें. त्याला तें ठाऊक नसल्यास वेलांटी चुकीच्या जागीं पडते आणि जोडाक्षरें पाय मोडून उभीं राहतात.

म्हणून अनुभवी मनुष्य प्रथम संगणक बाजूस ठेवून प्रिंटरकडून त्याचेंच चांचणीचें पान काढवितो. तें डागाळलें, तर शाई, धूळ वा कागद पाहावा. खानदेशच्या वैशाखांत धूळ आंत शिरते आणि पावसाळ्यांत ओल धरलेला कागद उष्ण रुळांत वाकून अडकतो. पान स्वच्छ आलें, तर यंत्रास बोल लावूं नये. मग पडद्याकडे पाहावें. पडद्यावरच मजकूर मोडला असेल, तर फॉन्ट नाहीं. पडदा शुद्ध व कागद अशुद्ध असेल, तर अक्षरांचीं रूपें वाटेंत गळलीं. फॉन्ट आंत बांधून ‘पीडीएफ’ करावी व ती छापावी. १९९३ सालीं निघालेल्या या पद्धतीचा हाच मोठा गुण.

तथापि कागदावरचा चिवडा हा सर्वांत वाईट दोष नव्हे. तो निदान लपत नाहीं. भय आहे तें स्वच्छ छापलेल्या चुकीचें. सात-बाराच्या उताऱ्यावर नांवाचा एक काना इकडचा तिकडे झाला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या १५५ व्या कलमाखालीं लेखनप्रमादाची दुरुस्ती मागावी लागते, आणि तोंवर शेतकऱ्याचें कर्जप्रकरण खोळंबूं शकतें. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडांत नेणारे प्रोग्राम आज आहेत. परंतु प्रत्येक फॉन्टास वेगळें कोष्टक लागतें, आणि मराठीचा तो आडवा अर्धा र तेथें हटकून घोंटाळा करतो. चौधऱ्यांचें शेत ‘चौधर्यांचें’ होतें, आणि आचाऱ्यांना द्यावयाची मजुरी आचार्यांना जाते! यंत्रास त्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं.

यासाठीं जुना फॉन्ट असलेलें एखादें यंत्र चालूं आहे तोंवर मूळ मजकुराची एक प्रत कागदावर काढून घ्यावी लागते. मग एक जण रूपांतर झालेला मजकूर मोठ्यानें वाचतो आणि दुसरा त्या कागदावर बोट ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहतो.