भ्रमणध्वनी संचाचे खातेबद्ध कुलूप

भ्रमणध्वनी वा मोबाईल संच हा धारकाच्या आंतरजालावरील खात्याशी जोडून ठेवण्याची एक योजना. संचातील सर्व माहिती पुसून तो मूळ स्थितीत आणला, तरी पूर्वीच्या खात्याचे नाव व परवलीचा शब्द दिल्याखेरीज तो पुन्हा चालू होत नाही. चोरीस आळा घालणे हा या योजनेचा हेतू होय. परंतु परवलीचा शब्द विसरलेला मालक, मृत व्यक्तीचा वारस, रीतसर पैसे मोजून जुना संच घेणारे गिऱ्हाईक आणि चोर हे चौघेही या कुलपापुढे सारखेच ठरतात. पहिल्या तिघांना चौथ्यापासून वेगळे कसे ओळखावे, हा या कुलपाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : वस्तू ज्याच्या हाती तो तिचा मालक, हे गृहीत जुने असले तरी व्यवहारात ते कधीच पुरेसे मानले गेले नाही. मराठवाड्यातील जनावरांच्या बाजारात दात पाहून बैलाचा सौदा ठरला, तरी शहाणा शेतकरी खरेदीची पावती घेतल्यावाचून बैल हाकीत नाही. वाटेत कोणी हटकल्यास तीच दाखवावी लागते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांची मोठी उलाढाल होते. तेथेही असा कागद जवळ असणे शहाणपणाचेच. भारतीय कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क सामान्यतः घेणाऱ्यास मिळत नाही. त्यामुळे चोरीचा माल पुरती किंमत देऊन भर बाजारात घेतला, तरी मूळ मालकाचा हक्क बुडत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७१ सापडलेली वस्तू जवळ ठेवणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी टाकते.

संचाचा ओळख क्रमांक : भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू व केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यात झाले. प्रत्येक संचास आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले ८ अंक संचाचा प्रकार, पुढील ६ अनुक्रम आणि शेवटचा अंक पडताळा दर्शवितो. कळफलकावर *#०६# दाबल्यास हा क्रमांक पडद्यावर दिसतो. तो खोक्यावर व बहुधा विक्रीच्या पावतीवरही छापलेला असतो. क्रमांक बदलून चोरीचे संच विकण्याचा धंदा वाढल्यावर ब्रिटनने २००२ मध्ये असा बदल गुन्हा ठरविणारा कायदा केला. भारतात सुरक्षेच्या कारणास्तव क्रमांक नसलेल्या संचांची सेवा डिसेंबर २००९ पासून बंद करण्यात आली. त्या वेळी स्वस्त आयात संच वापरणाऱ्या अनेकांना आपला संच ‘अवैध’ आहे हे प्रथमच कळले व शुल्क भरून त्यात क्रमांक बसवून घ्यावा लागला. संच बंद पडला तो दोष नसलेल्या धारकाचा, ही पुढे वारंवार आढळणारी गोष्ट येथे पहिल्यांदा ठळकपणे दिसते. क्रमांकात फेरफार करण्यास २०१७ च्या नियमांनी बंदी केली आणि दूरसंचार अधिनियम, २०२३ ने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास वा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

खात्याचे कुलूप : अमेरिकेतील शहरांत महागड्या संचांची हिसकाहिसकी वाढली, तेव्हा २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता व सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा अभियोक्ता यांनी उत्पादकांवर दडपण आणण्याची मोहीम उघडली. चोरलेला संच निरुपयोगी झाला तर चोरी थांबेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ या प्रणालीबरोबर असे कुलूप आणले. २०१४ मध्ये मिनेसोटा व कॅलिफोर्निया या राज्यांनी कायदे केले व १ जुलै २०१५ पासून ते लागू झाले. गूगलने मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ या आवृत्तीत ही सोय दिली. भारतात बहुसंख्य संच अँड्रॉइड प्रणालीचे असल्याने येथील सामान्य माणसाची गाठ पडते ती प्रामुख्याने या दुसऱ्या कुलपाशी.

त्याची रचना साधी आहे. धारकाची माहिती पुसली जाते त्या भागाबाहेर, संचाच्या स्मृतीच्या वेगळ्या कप्प्यात खात्याची खूण राहते. परवलीवाचून, बाजूच्या कळा दाबून संच मूळ स्थितीत आणला, तर सुरू होताना तो जुने खाते किंवा पडद्याचे पूर्वीचे कुलूप विचारतो. खाते आधी काढून मग माहिती पुसल्यास असा अडथळा येत नाही. जुना संच देताघेताना एवढी खबरदारी घेतली, तर निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत.

वैध प्रवेश : कुलूप उघडण्याचा सरळ मार्ग म्हणजे खाते परत मिळविणे. यासाठी खात्याशी नोंदविलेल्या दूरध्वनी क्रमांकावर सांकेतिक अंक पाठविले जातात. परंतु तो क्रमांक हरवलेल्या संचातच असेल, तर आधी सेवा-कंपनीकडे ओळखपत्र दाखवून दुसरे सिमकार्ड घ्यावे लागते. सिमकार्डावरून संकेत, संकेतावरून खाते व खात्यावरून संच अशी ही साखळी आहे. तिची एक कडी निखळली की पुढचे सर्व अडते. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास देता येतो. अशा वेळी खात्याचा संकेत परक्याच्या हाती जातो. नवा परवलीचा शब्द ठेवल्यावर लगेच संच पुसल्यास गूगलचे कुलूप त्याला काही काळ मानीत नाही. प्रारंभी हा अवधी ७२ तासांचा होता, पुढे तो २४ तासांवर आणला गेला.

खाते मिळतच नसेल, तर उत्पादकाकडे खरेदीचा पुरावा सादर करणे हा दुसरा मार्ग होय. ॲपल कंपनी संचाचा क्रमांक असलेली मूळ पावती पाहून कुलूप काढते. मात्र संच ‘हरवला’ म्हणून नोंदलेला नसावा लागतो आणि आतील माहिती पुसली जाते. अशा रीतीने अखेर बैलाच्या पावतीचेच तत्त्व कामी येते.

बिलोलीसारख्या तालुक्यात या दोन्ही मार्गांच्या अडचणी स्पष्ट दिसतात. संच घेताना खाते दुकानदार किंवा शाळकरी मुलगा उघडून देतो. परवलीचा शब्द तोच ठरवितो आणि क्रमांकही पुष्कळदा स्वतःचा घालतो. थोरला मुलगा हैदराबाद वा पुण्यास कामास गेला की त्याचा जुना संच गावी वडिलांकडे येतो, खाते मात्र मुलाचेच राहते. पावती एक तर मिळालेली नसते, किंवा मिळाली तरी तिच्यावर संचाचा क्रमांक नसतो. अशा संचाचा मालक निःसंशय वडील असले, तरी यंत्राच्या दृष्टीने ते परके ठरतात. मग ‘कुलूप काढून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराकडे पाय वळतात. प्रणालीतील उणिवांचा फायदा घेऊन तो कुलूप चुकवितो. त्याला मालक व चोर यांत भेद करण्याचे साधन नसते आणि पुष्कळदा इच्छाही नसते. संचाचा क्रमांक त्याने बदलला, तर तो वर सांगितलेला गुन्हा होतो. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ ग खालील स्वतंत्र अपराध आहे. आपल्याच संचासाठी आलेल्या गिऱ्हाइकास दोषी म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच्याजवळ कागद नसेल, तर त्याचे निर्दोषत्व दाखविणेही कठीण असते.

शासकीय नोंदवही : हरवलेल्या संचांची केंद्रीय नोंदवही, म्हणजे सीईआयआर, दूरसंचार विभागाने सी-डॉट या संस्थेकडून तयार करविली. तिचा प्रायोगिक प्रारंभ १३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत झाला. महाराष्ट्र, गोवा व दादरा-नगर हवेली यांसाठी ती प्रथम खुली झाली. पोलिसांतील तक्रार, दुसरे सिमकार्ड, ओळखपत्र व संचाचा क्रमांक देऊन अर्ज केला की त्या क्रमांकाची सेवा सर्व कंपन्यांकडून बंद होते. कोणी त्यात नवे सिमकार्ड घातल्यास त्याचा माग लागतो.

या नोंदवहीचे महत्त्व सीमाभागात विशेष जाणवते. बिलोली तालुका मांजरेच्या खोऱ्यात तेलंगणाच्या सीमेवर आहे. नदीपलीकडचे बोधन आणि बिलोली १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. राज्यपुनर्रचनेने बिलोली मुंबई राज्यात व बोधन आंध्र प्रदेशात गेले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. बाजारहाट व सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत, आणि चोरीचा माल तर सीमा कधीच मानीत नाही. अलीकडच्या धारकास २०१९ पासून अशी तक्रार करता येत होती. तेलंगणात ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या व्यवस्थेद्वारे ती देशभर लागू झाली. जुना संच घेण्यापूर्वी त्याचा क्रमांक १४४२२ वर लघुसंदेशाने पाठवून तपासण्याची सोयही आहे.

नोंदवहीचे कुलूप व खात्याचे कुलूप या दोन भिन्न गोष्टी होत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पहिले सेवेच्या जाळ्यावर असते, दुसरे संचात. संच परत मिळाल्यावर पहिले काढण्यासाठी धारकाने पुन्हा अर्ज करावयाचा असतो. त्याने दुसरे आपोआप निघत नाही. मुद्देमाल म्हणून जप्त झालेला संच मिळविण्यास न्यायालयात अर्ज करावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ व ५०३ त्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. त्यापूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे ४५१ व ४५७ होती. जप्त वस्तू पोलीस ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत, पंचनामा व छायाचित्रे करून त्या हक्कदारास लवकर द्याव्यात, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्ये दिला आहे. येथेही क्रमांक असलेली पावती जवळ असल्यास काम सुकर होते.

वारसांची स्थिती सर्वांत नाजूक असते, कारण त्यांना बहुधा संचापेक्षा आतील छायाचित्रे व आवाज हवे असतात, आणि कुलूप काढण्याच्या नेहमीच्या मार्गात नेमके तेच पुसले जातात. गूगलने २०१३ मध्ये खाते निष्क्रिय झाल्यास माहिती कोणास द्यावी हे आधीच नमूद करण्याची सोय केली. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस नेमण्याची तरतूद केली. नेमलेल्या व्यक्तीस मृत्यूचा दाखला व आधी दिलेली किल्ली सादर करून माहिती मिळविता येते. अशी नेमणूक केलेली नसेल, तर कंपनी सामान्यतः न्यायालयाचा आदेश मागते.