ठाण्यावरची तांब्याची तार

ठाणे स्थानकात १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली ती वाफेवर. या रुळांवर तांब्याची तार चढायला आणखी सत्तरहून अधिक वर्षे जावी लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेची गाडी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर सुरू केली, आणि १९३० पर्यंत ही तार ठाणे-कल्याणवरून घाट चढून पुणे व इगतपुरीला पोहोचली. रेल्वेने त्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजघरही उभारले.

या कालक्रमात विलक्षण बाब अशी की, तांबे इतक्या सहजपणे वीज का वाहते याचे समाधानकारक उत्तर कुर्ल्याची गाडी धावू लागली तेव्हा पदार्थविज्ञानाकडे नव्हते. धातूतील अणू आपले सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन (तांब्यात प्रत्येकी एक) सामाईक करतात आणि उरलेले धनभारित आयन या सामाईक इलेक्ट्रॉनांच्या आकर्षणाने एकत्र राहतात. यालाच धातुबंध म्हणतात. कोणत्याही एका अणूशी न बांधलेले हे इलेक्ट्रॉन व्होल्टचा दाब पडताच एका दिशेने सरकतात, हाच विद्युत्प्रवाह. पॉल द्रूद यांनी १९०० मध्ये त्यांना वायूप्रमाणे मानून ओहमचा नियम सिद्ध केला, परंतु तसा वायू असता तर धातूने जितकी उष्णता धारण करायला हवी होती, तितकी ती प्रयोगांत आढळत नव्हती. ही अडचण १९२७ च्या सुमारास झोमरफेल्ड यांनी क्वांटम सिद्धांताने सोडवली, आणि १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी दाखवले की अणूंची मांडणी पूर्णपणे नियमित असेल तर इलेक्ट्रॉनची लहर तीतून अडखळल्याविना जाते. रोध निर्माण होतो तो उष्णतेने होणाऱ्या कंपनांमुळे आणि परक्या अणूंमुळे.

म्हणूनच गाडीच्या पेंटोग्राफला टेकणारी तार शुद्ध तांब्याची असते, तिला तोलणाऱ्या तारेत बळकटीसाठी कॅडमियम मिसळले की रोध थोडा वाढतो, आणि तापमान एक अंश सेल्सिअसने चढले की तांब्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. १५०० व्होल्टवर प्रचंड प्रवाह लागे व तार जाड ठेवावी लागे. २०१६ मध्ये हार्बर मार्गाच्या रूपांतराने मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरचा एकदिश प्रवाह संपून सर्वत्र २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. तेवढ्याच शक्तीसाठी आता सुमारे सतराव्या हिश्शाइतका प्रवाह पुरतो, आणि रोधातली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, इतर बाबी सारख्या धरल्यास, तीच तार सुमारे पावणेतीनशेपटीने कमी शक्ती वाया घालवते.