आयएफटीच्या डबीचं कूळ

चिखलीत ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना मागचा पुठ्ठा काढल्यावर दिसणारी ॲल्युमिनियमची चौकोनी डबी आठवत असेल. मेकॅनिक तिला आयएफटी म्हणायचा. आत एकाच नळीवर दोन कॉइल. एकीचा कोअर वरून फिरवायचा, दुसरीचा खालून, आणि तोही प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं, कारण लोखंड जवळ आलं की जुळणी सरकते. काटा नागपूरवर, 585 किलोहर्ट्झवर नेला की सेटमधला ऑसिलेटर 1040 वर जाई. मधला फरक 455 किलोहर्ट्झ, आणि दोन्ही कॉइल त्यालाच जुळलेल्या.

या गरीब डबीचे पूर्वज मात्र ठिणग्या उडवणारे. 1889 मध्ये ऑलिव्हर लॉजनं दोन लेडन जार थोड्या अंतरावर ठेवले. एकात ठिणगी पडली की दुसऱ्यातही पडे, पण तारेच्या चौकटी नेमक्या जुळल्या तरच. 1891 मध्ये निकोला टेस्लानं हीच जुळणी हजारो व्होल्टवर नेली: जाड तारेचे मोजके वेढे, शेजारी बारीक तारेचे शेकडो. नाव टेस्लाचं झालं. विजेचे लोळ डोळ्यांत भरतात ना! माझ्या मते मूळपुरुष लॉजच.

मार्कोनीनं 1900 मध्ये जुळणीचं 7777 क्रमांकाचं ब्रिटिश पेटंट घेतलं. त्याच्या अमेरिकी पेटंटमधले महत्त्वाचे दावे मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1943 मध्ये रद्द ठरवले. लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन यांचं काम आधीचं निघालं.

खरी डोकेदुखी वेगळीच होती. कॉइल फार जवळ आणल्या की एका दोरीला टांगलेल्या दोन लंबकांसारखं होतं: पहिलीची ऊर्जा दुसरीत जाते नि परत येते. एका सुराचे दोन सूर होतात. 1906 मध्ये माक्स वीननं ठिणगी चटकन विझवणारी फट केली. ऊर्जा पलीकडे गेली की परतीची वाट बंद. रेडिओच्या डबीत कॉइलमधलं अंतर कारखान्यातच ठरलेलं, त्यामुळे मेकॅनिकला फक्त कोअर फिरवायचे.

टेस्ला कॉइल बांधणाऱ्या हौशी मंडळींची मात्र अजून सुटका नाही. डोक्यावरचा धातूचा गोळा बदलला की सगळी जुळणी नव्यानं करावी लागते. शिवाय लोळ बाहेर पडू लागले की त्यांचीच कपॅसिटी भर घालते, वारंवारता खाली घसरते. म्हणून पहिल्या कॉइलचा टॅप गणितानं येतो त्याहून थोड्या जास्त वेढ्यांवर लावतात.