नेरच्या बसस्टँडवरचं ॲप स्टोर

मागच्या शनिवारी सकाळी पहिल्या चहालाच बाबांचा नेरहून फोन. "अरे, ते बँकेचं ॲप उघडूनच नाही रायलं. आधी अपडेट कर म्हणते. काहून करू मी अपडेट? पैसे माहे न!" बाबा चिडले की शुद्ध वऱ्हाडीवर येतात. व्हिडिओ कॉलवर प्ले स्टोर उघडायला लावलं, तर अपडेट न झालेल्या ॲप्सची ही मोठी रांग! कारण सापडायला मिनिटही लागलं नाही. ऑटो-अपडेटचं सेटिंग होतं 'फक्त वायफायवर', आणि आमच्या नेरच्या घरात वायफाय कधी नव्हतंच.

आता खरी गंमत. ते सेटिंग मीच करून दिलं होतं, त्यांचा डेटा वाचावा म्हणून. दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरवर अपडेट ढकलणाऱ्या माणसाने स्वतःच्या बापाच्या फोनला मात्र कुलूप लावून ठेवलेलं! असो. बँकेचं ॲप दहा मिनिटांत सुरू झालं, पण माझा शनिवार या विषयात गेला, म्हणून हा लेख.

नेर म्हणजे नेर परसोपंत. अमरावतीहून बडनेरा, नांदगाव खंडेश्वर करत यवतमाळला निघालात की वाटेत लागतं. कापूस, सोयाबीन, तूर. मी अकरावी-बारावीत असताना, म्हणजे २०१४ च्या आसपास, आमचं ॲप स्टोर बसस्टँडजवळ होतं. पत्र्याचं शटर, काचेच्या काउंटरमागे एक दादा आणि त्याचा कॉम्प्युटर. मेमरी कार्ड द्यायचं, वीस रुपये द्यायचे, गाणी आणि ॲप्स भरून घ्यायची. ना जीमेल, ना पासवर्ड. नंतर शेअरइट आणि झेंडर आलं आणि दादाचा धंदा मित्रामित्रांत फुकट होऊ लागला.

या दुकानात एकच गोष्ट मिळत नव्हती, ती म्हणजे अपडेट. ज्या दिवशी फाईल मिळाली, त्या दिवशीचं ॲप तसंच राहायचं. टू-जीच्या पॅकवर कोणाला त्याची पर्वा होती?

बाहेरच्या जगात तोवर बरंच घडलं होतं. ॲपलचं ॲप स्टोर १० जुलै २००८ ला सुमारे ५०० ॲप्सनिशी उघडलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड मार्केट आलं. २००९ मध्ये नोकियाचं ओव्ही. तेव्हा अपडेट हे हाताने करायचं काम होतं. अँड्रॉइडवर स्वयंचलित अपडेटची सोय २०१० मध्ये आली, आयफोनवर २०१३ मध्ये. मार्केटचं नाव २०१२ मध्ये गुगल प्ले झालं.

२०१३ मध्ये एक छोटी चकमक झाली, जी मला फार महत्त्वाची वाटते. फेसबुकने आपलं अँड्रॉइड ॲप प्ले स्टोरला वळसा घालून परस्पर अपडेट करून पाहिलं. त्या एप्रिलमध्ये गुगलने नियमच केला की प्लेवरून आलेलं ॲप प्लेच्याच मार्गाने अपडेट व्हायला हवं. म्हणजे ॲप विकणं हा व्यवहार एकदाच होतो, पण त्या ॲपच्या घराची किल्ली कायम दुकानदाराकडे राहते. दुकानांची भांडणं कमिशनवरून चालतात असं आपण वाचतो. मला विचाराल तर अर्धं भांडण या किल्लीचं आहे.

आपल्याकडे ही किल्ली मागायला निघालेली मंडळी मुंबईची. आयआयटी मुंबईत शिकलेले राकेश देशमुख आणि त्यांचे साथीदार यांची 'फर्स्टटच', पुढे 'इंडस ओएस'. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ वर ती आली. भारतीय भाषा आणि ईमेलशिवाय चालणारं 'ॲप बझार'. थोडक्यात आमच्या बसस्टँडवरच्या दादाचंच दुकान, पण अपडेटसकट! त्यांना ते जमलं, कारण दुकान फोनमध्ये कंपनीतूनच बसवून यायचं. अशा दुकानाला सिस्टीमची परवानगी असते, ते न विचारता ॲप बसवू आणि बदलू शकतं. बाहेरून डाउनलोड केलेल्या दुकानाला ती मुभा नव्हती. प्रत्येक अपडेटला 'इन्स्टॉल करू का?' अशी पाटी यायची. चाळीस ॲप्स असतील तर चाळीस पाट्या. कोण टिकणार अशा दुकानात?

ही अडचण २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये सुटली. ज्या दुकानाने ॲप बसवलं, त्याला ते पुढे गुपचूप अपडेट करता येऊ लागलं (काही अटींवर). पण त्याच ऑगस्टपासून प्लेवरच्या नव्या ॲप्सना 'ॲप बंडल' सक्तीचं झालं. त्यात ॲपवर सही करायची चावी गुगलच्या सर्व्हरवर ठेवावी लागते. सही जुळली नाही तर एका दुकानातल्या ॲपवर दुसऱ्या दुकानाचं अपडेट चढत नाही. कंपनीला स्वतःची चावी देता येते, पण चावी गुगलला बनवू दिली की दोन दुकानांत दोन सह्या झाल्याच म्हणून समजा. एका हाताने दार उघडलं आणि दुसऱ्याने कडी बदलली, असं निदान मला तरी वाटतं. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये तर 'अपडेटची मालकी' असा सरळ शब्दच आला.

कोर्टकचेरीचं थोडक्यात सांगतो. २० ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला आणि इतर ॲप स्टोर्सनाही प्लेवर जागा द्या असं बजावलं. २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जागा देण्याची अट काढून टाकली. पैसे गेले, किल्ली राहिली! दरम्यान इंडस ओएस फोनपेने घेतली आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला इंडस ॲपस्टोर उघडलं, मराठीसह १२ भारतीय भाषांत. नऊ दिवसांतच, १ मार्चला, गुगलने बिलिंगच्या वादावरून नोकरी, शादी वगैरे ॲप्स प्लेवरून उतरवली. सरकारने डोळे वटारल्यावर ती परत आली. २०२५ पासून शाओमीने भारतात आपल्या गेटॲप्सच्या जागी इंडस आणलं. पुन्हा तीच युक्ती, फोनसोबतच दुकान.

मग ऑटो-अपडेट म्हणजे सगळं छानच का? नाही. 'बारकोड स्कॅनर' नावाचं एक साधं ॲप एक कोटीहून जास्त फोनांवर होतं. २०२० च्या अखेरीस आलेल्या एका अपडेटने ते जाहिराती उघडणारं व्हायरस झालं. लोकांनी काहीच केलं नव्हतं. तोच तर प्रॉब्लेम आहे. उलट बाजूला २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये आमचे शेअरइट आणि झेंडर होते. हातोहात फाईल देण्याचा तो रस्ता अर्धा तिथेच बुजला. त्याची जागा आता व्हॉट्सॲपवर येणाऱ्या 'चलान' किंवा 'पीएम किसान' नावाच्या खोट्या एपीके फाईलींनी घेतली आहे. दादाच्या दुकानात निदान दादाला ओळखत तरी होतो.

आणि नेरला हे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त लागतं, कारण आता सातबाराही यात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतःच्या पिकाचा फोटो काढून नोंद करायची. पुढच्या हंगामांत त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या. हंगामाची तारीख ठरलेली असते, ती फोनच्या वायफायची वाट बघत नाही.

बाबांचं सेटिंग मी 'मर्यादित मोबाईल डेटा'वर करून दिलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे आता हे मले न इचारता बदलत जाईन?"

"हो बाबा."

"अन् बिघडलं त कोणाले सांगू?"

मी म्हटलं, मला फोन करा.