युद्ध पुकारले नाही, कारण... : हैदराबाद १९४८ आणि आपण



पैनगंगा ओलांडली की १७ सप्टेंबरचा अर्थ बदलतो. पलीकडे हदगाव, माहूरला 'मुक्तिसंग्राम दिन' म्हणून झेंडावंदन होते. अलीकडे आमच्या उमरखेडला तो साधा कामाचा दिवस असतो. खरे म्हणजे कागदोपत्री आपला यवतमाळ जिल्हाही निजामाचाच होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिला गेला, पण मालकी निजामाची राहिली. १९३६ नंतर तर त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवी होती. ज्या घराण्याशी १९४८ मध्ये लढाई झाली, त्याच्या नावावर आपली गावे होती.

दरवर्षी या दिवशी व्हॉट्सअॅपवर एक वाद ठरलेला. एक म्हणतो भारताने निजामाशी युद्ध केले, दुसरा म्हणतो ती पोलिस कारवाई होती. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. नव्या देशाचा नेता युद्ध पुकारतो किंवा मुद्दाम पुकारत नाही, तेव्हा समोरचा कोण आहे हे तो ठरवत असतो.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. देश जेमतेम छत्तीस वर्षांचा होता. इंग्रज आरमार अमेरिकन जहाजांवरचे खलाशी जबरदस्तीने पकडून नेत होते, व्यापार अडवत होते. १ जून १८१२ रोजी अध्यक्ष मॅडिसन काँग्रेसपुढे गेले, कारण युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षाला नव्हे तर काँग्रेसला दिला होता. प्रतिनिधीगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. एवढे काठावरचे मतदान असूनही त्यांनी ते मागितले. आम्ही तुमची जुनी वसाहत नाही, बरोबरीचे राष्ट्र आहोत, हे इंग्लंडला ऐकवायचे होते. बरोबरीच्याशीच युद्ध पुकारले जाते. (खलाशांच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्या देशातले सुमारे चार हजार गुलाम त्याच युद्धात पळून इंग्रजांकडे गेले. मॅडिसन स्वतः गुलामांचे मालक होते. कोरेगाव समजणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.)

नेहरू-पटेलांपुढचा पेच याच्या नेमका उलट होता. देश तेरा महिन्यांचा. हैदराबादला स्वतःचे सैन्य, चलन, रेल्वे; लोकसंख्या दीड कोटीवर. २९ नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे' करार झाला होता, पण कासिम रझवीचे रझाकार गावे जाळत होते आणि सरहद्दीवरून माणसे वऱ्हाडात पळून येत होती. युद्ध पुकारले असते तर निजाम स्वतंत्र राष्ट्राचा प्रमुख आहे हे आपणच मान्य केले असते. मग प्रश्न संयुक्त राष्ट्रांत अडकला असता. काश्मीरचा प्रश्न १ जानेवारी १९४८ ला तिथे नेऊन भारताचे हात पोळलेच होते. हैदराबादने २१ ऑगस्टला सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली, १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १६ ला परिषदेत विषय निघाला, १७ ला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. भारताचा युक्तिवाद एवढाच होता की हैदराबाद हे राष्ट्रच नाही, हा आमचा घरचा मामला.

हा युक्तिवाद कायद्याच्या भाषेत बाबासाहेबांनी सव्वा वर्ष आधी मांडला होता. १७ जून १९४७ च्या निवेदनात त्यांनी त्रावणकोर आणि हैदराबादचा स्वातंत्र्याचा दावा खोडून काढला. इंग्रज गेले म्हणून संस्थानिक सार्वभौम होत नाहीत, हे त्यांचे म्हणणे. 'पोलिस कारवाई' हे नाव कोणी सुचवले यावर आपली पोरे रात्र रात्र भांडतात. त्यापेक्षा हे निवेदन वाचा.

आता अवघड भाग. आपलेच काही पुढारी निजामाच्या बाजूला होते. बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते. बी. श्यामसुंदर हैदराबादची बाजू घेऊन संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते. त्यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. काँग्रेसचे राज्य म्हणजे गावच्या पाटील-देशमुखांचे राज्य, ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्यांनी ज्याच्या ओसरीला आसरा घेतला, तो स्वतः बुडत होता. बाबासाहेबांनी २७ नोव्हेंबर १९४७ रोजीच हैदराबादमधल्या अस्पृश्यांना निजामाच्या मागे जाऊ नका, धर्मांतराला बळी पडू नका, असे बजावले होते. ते काँग्रेसच्या प्रेमापोटी नव्हते. घटना लिहिली जात होती, आणि आपले हक्क त्या घटनेत बसवायचे तर तिच्या हद्दीत राहणे भाग होते.

नावाची किंमत मात्र कोणीतरी मोजलीच. युद्ध नाही म्हटल्यावर शत्रू नाही, आणि कारवाईनंतर जे घडले त्याचा हिशेबही नाही. पंडित सुंदरलाल समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिरली आणि मेलेल्यांचा कमीत कमी आकडा २७ ते ४० हजार सांगितला. त्यात बहुसंख्य मुसलमान. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या नदीपलीकडचा नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. सरकारने अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला. रझाकारांचे अत्याचार खरे म्हणून हे खोटे ठरत नाही. जे आपल्यावरच्या प्रत्येक अत्याचाराची नोंद मागतात, त्यांनी ही नोंद नाकारायची कशी?

बाबासाहेब त्या भागात गेले ते कॉलेज घेऊन. १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, तेच आजचे मिलिंद. निजाम गेला तरी गावच्या गायरानावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिथल्या आपल्या माणसांपुढे तसाच उभा होता. यंदा १७ तारखेला नदीपलीकडे भाषणाला जाणाऱ्यांनी सुंदरलाल अहवालाची प्रत बरोबर ठेवावी.