बेर्ताबाईचे दगड

इटली देशातल्या पिसा शहरातला कललेला मनोरा तुम्ही चित्रात तरी पाहिला असेल. तो खरं तर घंटाघर आहे. शेजारच्या मोठ्या चर्चच्या घंटा टांगण्यासाठी तो बांधला. आज आम्ही त्याची गोष्ट सांगतोय, कारण त्याच्या पायात एका बाईचा पैसा आहे.

तिचं नाव बेर्ता दी बेर्नार्दो. ती विधवा होती. 1172 साली तिनं मृत्युपत्र केलं आणि मनोऱ्याच्या दगडांसाठी 60 सोल्दी ठेवले. सोल्दी हे तिथलं त्या काळचं चलन. पुढच्याच वर्षी, 1173 मध्ये, पायाभरणी झाली.

पण पाया जेमतेम 3 मीटर खोल आणि खाली मऊ चिकणमाती. तिसऱ्या मजल्यापर्यंत काम आलं आणि मनोरा कलू लागला. मग लढायांमुळे काम जवळजवळ 100 वर्षं थांबलं. तेच पथ्यावर पडलं. तेवढ्या काळात वजनाखाली माती दबून घट्ट झाली. काम तसंच रेटलं असतं तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं अभ्यासक सांगतात.

1272 मध्ये पुन्हा काम सुरू झालं, तेव्हा खचलेल्या बाजूचं बांधकाम थोडं उंच घेतलं. म्हणून हा मनोरा कललेला आहे, तसाच किंचित वाकलेलाही आहे. वर 7 घंटा आहेत. सगळं पुरं व्हायला जवळपास 200 वर्षं लागली.

कल वाढत गेला, म्हणून 1990 मध्ये मनोरा लोकांसाठी बंद केला. उंच बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून तो सुमारे 45 सेंटीमीटर मागे आणला. 2001 मध्ये तो पुन्हा उघडला.

या मनोऱ्याचा आराखडा कोणाचा, यावर जाणकारांत आजही वाद आहे. बेर्ताच्या देणगीबद्दल मात्र वाद नाही, कारण ती कागदावर आहे.

आपल्या गावातल्या शाळेला, विहिरीला, देवळाला बायकांनी पैसे दिले, डोक्यावरून दगडमाती वाहिली. पाटीवर नाव लागतं घरधन्याचं, नाहीतर ‘समस्त ग्रामस्थ’. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटाची वही उघडाल, तेव्हा एक पान यासाठी ठेवा. कोणी काय दिलं, किती दिवस राबली, कोणत्या साली, ते तिच्या पूर्ण नावानिशी लिहा. म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा.