वर्गखोलीतील उजेड आणि अध्ययन

वर्गखोलीतील नैसर्गिक व कृत्रिम उजेडाचा मुलांच्या अभ्यासातील प्रगतीशी असलेला संबंध. ‘जितका उजेड जास्त, तितके शिकणे चांगले’ हा समज शाळा बांधणाऱ्यांमध्ये फार लवकर रुजला. त्याला बळ मिळाले ते १९९९मध्ये हेशाँग माहोन ग्रुप या अमेरिकी सल्लागार संस्थेने कॅलिफोर्नियातील कॅपिस्ट्रानो, तसेच सिॲटल आणि फोर्ट कॉलिन्स येथील २१,०००हून अधिक विद्यार्थ्यांच्या केलेल्या पाहणीतून. कॅपिस्ट्रानोत सर्वाधिक दिवसाचा उजेड असलेल्या वर्गांतील मुलांची वर्षभरातील प्रगती, सर्वांत कमी उजेडाच्या वर्गांच्या तुलनेत, गणितात २० आणि वाचनात २६ टक्क्यांनी अधिक वेगाने झाली. हे आकडे पुढे अनेकांनी उद्धृत केले. त्याच अहवालातली दुसरी नोंद मात्र क्वचितच. छतातल्या झरोक्यातून थेट ऊन आत येई आणि शिक्षकांना ते अडवता येत नसे, अशा वर्गांत वाचनातली प्रगती उलट मंदावलेली दिसली.

चांगल्या शिक्षकांना उजेडाच्या खोल्या मिळत असतील, हा आक्षेप रास्त होता. फेरविश्लेषणात तो टिकला नाही. मात्र २००३मध्ये फ्रेझ्नो येथील पाहणीत उजेडाचा तो फायदाच पुन्हा आढळला नाही. तेथे डोळ्यांवर येणारी चकाकी आणि खिडकीतून आत शिरणारे ऊन यांचा अपायच नोंदला गेला, तर खिडकीबाहेरचे चांगले दृश्य उपकारक ठरले. दोन्ही पाहण्या शेजारी ठेवल्या की त्यांचा विरोध बराच निवळतो: निर्णायक ठरते ती उजेडाची मात्रा नव्हे, तर त्या उजेडावरचा ताबा. साधा पडदा हीदेखील शैक्षणिक सोय आहे, आणि खर्चाच्या यादीत ती नेहमी शेवटी असते.

यावर शरीरशास्त्राचा आधार घेऊन हरकत घेता येते. दृष्टिपटलातील काही पेशी स्वतःच प्रकाश टिपून शरीराच्या घड्याळाला वेळ कळवतात, हे २००२मध्ये सिद्ध झाले. म्हणजे मात्रेलाही महत्त्व आहेच. पण काही शे लक्स उजेडाच्या वर्गात ती मात्रा भरून काढण्यापेक्षा मुलांना हजारो लक्सच्या उघड्या आभाळाखाली नेणे सोपे. मात्रेचा प्रश्न त्यामुळे दिव्यांपेक्षा वेळापत्रकाचा अधिक आहे. निकटदृष्टिदोषाबाबत तर याला प्रयोगाचाही आधार आहे: चीनमधील ग्वांगचौ येथे शाळेच्या दिवसात मैदानावरची ४० मिनिटे वाढवल्यावर तीन वर्षांत हा दोष नव्याने जडलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. नेहमीच्या वेळापत्रकाच्या शाळांत ते ३९.५ टक्के होते.